वापरलेल्या शिडाच्या नौकेची खरेदीपूर्व तपासणी

वापरलेल्या शिडाच्या नौकेची खरेदीपूर्व तपासणी म्हणजे आधीच्या मालकाने काही वर्षे चालवलेली नौका विकत घेण्यापूर्वी तिचे कवच, डेक, कील, सुकाणू, डोलकाठी, यंत्र आणि कागदपत्रे यांची पद्धतशीर पाहणी करणे होय. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे व फिनलंड येथे बांधलेल्या, एका कुटुंबाला राहता येईल अशा ९ ते १२ मीटर लांबीच्या दूरप्रवासी नौकांचा विचार केला आहे. काटेकोर अर्थाने फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही, परंतु नौकांच्या बाजारात हा भेद पाळला जात नाही.

अशा नौकेच्या व्यवहारात खरेदीदाराला जे सहज दिसते ते बहुधा स्वस्तात दुरुस्त होते आणि ज्याची दुरुस्ती महाग असते ते सहसा दिसत नाही. फाटलेले शीड, विटलेला रंग, कळकट गाद्या यांमुळे किंमत पाडून मागता येते. मात्र डेकच्या आत मुरलेले पाणी, कीलचे गंजलेले बोल्ट किंवा तणाव्यांच्या मुळाशी झिजलेले पोलाद यांचा खर्च नौकेच्या किमतीएवढाही होऊ शकतो. शिवाय हे दोष किनाऱ्यापासून दूर, कुटुंब नौकेवर असताना उघडकीस येण्याची शक्यता अधिक असते.

== महाराष्ट्राशी संबंध ==

उत्तर युरोपातील नौकाबांधणीचा मुंबईशी जुना संबंध आहे. एकट्याने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ (प्रवास १९६८–६९) ही ३२ फुटी नौका मुंबईत, भारतीय सुतारांनी, सागाच्या लाकडात बांधली होती. तिचा आराखडा विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकी रचनाकाराच्या ‘एरिक’ या नौकेचा होता आणि ‘एरिक’चे मूळ कॉलिन आर्चर यांनी नॉर्वेच्या किनाऱ्यासाठी आखलेल्या जीवरक्षक नौकांत होते. दोन्ही टोकांना निमुळते होणारे तिचे अंग ही त्याच घराण्याची खूण होय. प्रवासाच्या सुरुवातीच्या टप्प्यात कीलजवळच्या फळ्यांच्या सांध्यातून तिच्यात पाणी येऊ लागले आणि नॉक्स-जॉन्स्टन यांना अटलांटिकमध्ये पाण्यात उतरून त्या फटींत कापूस ठासावा लागला. लाकडी नौका तपासताना कील व पहिली फळी यांमधील सांधा सर्वांत आधी पाहण्याची प्रथा का आहे, हे या प्रसंगावरून कळते.

वापरलेली उत्तरी नौका भारतीयांनी घेतल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘तृष्णा’. भारतीय लष्कराच्या अभियंता दलाची ही ३७ फुटी नौका फिनलंडमधील नाउटोर या कारखान्याच्या ‘स्वान’ मालिकेतील होती. ती इंग्लंडमध्ये विकत घेण्यात आली. सप्टेंबर १९८५ मध्ये मुंबईहून निघून जानेवारी १९८७ मध्ये ती मुंबईस परतली आणि भारतीयांची ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ठरली. पुढे २००९–१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने प्रदक्षिणा केली ती मात्र गोव्यात नव्याने बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून. जुनी नौका घेऊन ती दुरुस्त करणे आणि नवी बांधणे हे दोन्ही मार्ग पश्चिम किनाऱ्यावर अशा रीतीने वापरले गेले आहेत. नौका जुनी असणे हाच दोष मानण्याचे कारण नाही. २०२२–२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच १९८८ पूर्वी आखलेल्या नौकांचा होता आणि अभिलाष टॉमी यांनी तीत अशाच एका वापरलेल्या इंग्रजी नौकेतून दुसरा क्रमांक मिळवला.

== उत्तरेकडील नौकांचे स्वरूप ==

काचतंतू व पॉलिएस्टर राळ यांपासून साच्यात नौका काढण्याची पद्धत १९६० च्या दशकात रुळल्यावर स्वीडनमध्ये कौटुंबिक नौका मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. पेर ब्रोहेल यांनी आखलेली ‘अल्बिन वेगा’ (८.२५ मीटर) तीन हजारांहून अधिक संख्येने बांधली गेली. पश्चिम किनाऱ्यावरील ऊरुस्त बेटावर हालबेरी-रासी, नायाद व माल्यो हे कारखाने नावारूपास आले. हालबेरी-रासीच्या एका गाजलेल्या ३१ फुटी नौकेचे नाव ‘मोन्सून’ असे आहे. ज्या वाऱ्यांमुळे कोकणातील नौका दरवर्षी किनाऱ्यावर ओढाव्या लागतात त्यांचेच नाव या स्वीडिश नौकेला मिळाले, हा योगायोग मनोरंजक आहे. १९७४ ते १९८२ या काळात अशा ९०४ नौका बांधल्या गेल्या.

जाड कवच, उंच काच असलेला चालकाचा कोनाडा, सागवानी डेक आणि महोगनीचे अंतरंग ही या नौकांची लक्षणे आहेत. बाल्टिक समुद्राचे पाणी मचूळ असल्याने तेथे धातू सावकाश गंजतो. थंडीत समुद्राचे पृष्ठभाग गोठत असल्याने नौका साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल जमिनीवर ठेवतात, म्हणजे चाळीस वर्षांच्या नौकेने निम्मे आयुष्य कोरड्यात काढलेले असते. उत्तरेकडील नौकांना बाजारात मिळणारी अधिक किंमत काही अंशी बांधणीची आणि काही अंशी या हवामानाची असते. तीच नौका भूमध्य समुद्रात किंवा अरबी समुद्रात दहा वर्षे राहिलेली असेल, तर ‘स्कँडिनेव्हियन’ या विशेषणाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून नौका कोठे बांधली यापेक्षा ती कोठे राहिली, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

थंडीचे स्वतःचे दोषही असतात. हिवाळ्यापूर्वी यंत्रातील व नळ्यांतील पाणी नीट काढले नसेल, तर त्याचे बर्फ होऊन झडपा व यंत्राचे ओतीव भाग तडकतात.

== कवच व परासरण ==

तपासणी नौका पाण्याबाहेर काढूनच करावी लागते. तरंगत्या नौकेची तपासणी म्हणजे अर्धी तपासणी होय. तळावर चढलेला शिंपल्यांचा व शेवाळाचा थर धुऊन काढल्यावर एक-दोन दिवस वाळू देऊन मगच आर्द्रतामापक लावतात. नुकत्याच धुतलेल्या कवचावरील आकडा निरर्थक असतो.

पॉलिएस्टर राळेतून पाण्याचे रेणू अतिशय मंद गतीने आत शिरतात. आतील न जमलेल्या रसायनांशी त्यांचा संयोग होऊन आम्लयुक्त द्रव तयार होतो, परासरणाने तो आणखी पाणी ओढतो आणि बाहेरच्या जेलकोटवर फोड येतात. फोड टोचल्यावर निघणाऱ्या द्रवाला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. रंगाखाली अडकलेल्या साध्या पाण्याला तो येत नाही, त्यामुळे हा फरक वासावरून ओळखता येतो. मोजके, विखुरलेले फोड ही जुन्या नौकेची जवळजवळ नैसर्गिक अवस्था असून तेवढ्यासाठी व्यवहार मोडण्याचे कारण नसते. परंतु तळभर पसरलेल्या फोडांसाठी जेलकोट खरवडून, कवच काही महिने वाळवून त्यावर इपॉक्सीचे थर द्यावे लागतात. पाणी जितके उबदार तितकी ही क्रिया वेगाने होते. ती खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक होते, ही गोष्ट अनेक खरेदीदारांना उलटी वाटते.

कवचावर ठिकठिकाणी प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकणे ही सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत उपयुक्त चाचणी आहे. माठ घेताना टिचकी मारून पाहतात तोच न्याय येथे लागू पडतो. सलग थरातून खणखणीत आवाज येतो, तर सुटलेल्या किंवा भिजलेल्या थरातून बद्द. आर्द्रतामापक आणि हातोडी यांची साक्ष जुळली तरच निष्कर्ष पक्का मानतात.

== डेक ==

या वर्गातील नौकांचा सर्वांत खर्चिक दोष बहुधा डेकमध्ये सापडतो. वजन वाचवण्यासाठी डेकचे दोन पातळ थर आणि त्यांमध्ये बाल्सा लाकडाचा किंवा फेसाळ प्लास्टिकचा गाभा अशी रचना असते. त्यावर सुमारे १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या सागाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या असतात. प्रत्येक स्क्रू म्हणजे गाभ्यापर्यंत जाणारे एक छिद्र. पट्ट्यांमधील काळे रबरी सांधे वाळून सुटले की पाणी या छिद्रांतून गाभ्यात उतरते. बाल्सा कुजून लगदा होतो. फेसाळ गाभा कुजत नाही, पण थरांपासून सुटतो.

सागाची ओळख असलेल्या खरेदीदाराची येथे फसगत होण्याचा संभव असतो. मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली जात, तेव्हा लाकूड हेच नौकेचे बळ होते. या नौकांत मात्र साग हा केवळ वरचा झिजणारा थर आहे. दर आठवड्याला घासून सोनेरी ठेवलेला डेक हा निगा राखल्याचा पुरावा असतोच असे नाही. घासण्याने पट्ट्या पातळ होतात, स्क्रूंवरील लाकडी बुचे निघतात आणि डोकी उघडी पडतात. राखाडी पडलेला पण जाड राहिलेला डेक त्या मानाने बरा.

डेकवर चालताना पायाखाली दबल्यासारखे वाटणे, सांध्यांतून पाणी वर येणे, केबिनच्या छतावर तपकिरी ओघळ दिसणे ही गाभा भिजल्याची चिन्हे आहेत. डोलकाठीच्या पायथ्याभोवती आणि रेलिंगच्या खांबांपाशी ती प्रथम दिसतात. अंतरंगाला नुकताच रंग दिला असेल तर कपाटांच्या आतील बाजू पाहाव्यात. तेथे सहसा कोणी रंग देत नाही. सागवानी डेक पूर्ण बदलणे इतके महाग असते की काही मालक पट्ट्या काढून, छिद्रे बुजवून साधा खरखरीत रंग देणे पत्करतात. नौकेचे रूप त्यामुळे उतरते, पण गळती थांबते.

== कील व सुकाणू ==

नौकेला सरळ ठेवणारे वजन कीलमध्ये असते. १९७० च्या दशकातील अनेक कौटुंबिक नौकांत लोखंड किंवा शिसे कवचाच्याच पोकळीत बंदिस्त केलेले आढळते, तर नंतरच्या नौकांत कील बोल्टांनी खालून जोडलेली असते. बंदिस्त कीलमध्ये बोल्टांची चिंता नसते, परंतु तळाचे कवच फुटून आत पाणी गेले की लोखंड गंजून फुगते. जोडलेल्या कीलमध्ये बोल्टांची डोकी आतून पाहावी लागतात. संशय आल्यास एखादा बोल्ट काढून पाहण्याची मागणी सर्वेक्षक करतो आणि विक्रेत्यांना ती सहसा रुचत नाही.

स्वीडनच्या किनाऱ्यालगत ग्रॅनाइटची हजारो लहान बेटे व पाण्याखालील खडक आहेत. तेथील जुनी नौका एकदाही खडकाला लागली नसेल, असे गृहीत धरता येत नाही. कीलचे पुढचे टोक खडकावर आपटले की तिचे मागचे टोक कवचात वर रेटले जाते. म्हणून मार पुढे बसला तरी तडे शोधायचे ते कीलच्या मागील मुळाशी आणि तेथील आतल्या आधारपट्ट्यांत.

सुकाण्याचे पाते बहुधा दोन अर्धुकांचे व आत फेस भरलेले असते. नौका बाहेर काढल्यानंतर काही दिवसांनीही त्यातून पाणी ठिबकत असेल, तर आतील पोलादी पट्ट्या गंजत असल्याचा संशय घ्यावा.

== डोलकाठी, तणावे व शिडे ==

डोलकाठी उभी ठेवणारे पोलादी तणावे दहा ते पंधरा वर्षांनी बदलावेत असा सर्वसाधारण संकेत असून विमा कंपन्याही तो लक्षात घेतात. तारेचा एखादा पदर तुटलेला असणे, टोकाच्या नळीवर केसासारखी चीर असणे किंवा तणावा जेथे कवचाला जोडला आहे त्या पट्टीभोवती गंजाचा ओघळ असणे, यांपैकी एकही चिन्ह पुरेसे आहे. या पट्ट्यांचा डेकमधून जाणारा भाग दिसत नाही आणि स्टेनलेस पोलाद हवेविना ओलाव्यात तेथेच खचते. अल्बिन वेगामध्ये डोलकाठी डेकवर उभी असून खालची आडवी तुळई कालांतराने दबते. पुढच्या खोलीचे दार अडकू लागणे ही त्याची घरगुती पण खात्रीची खूण. शिडे उन्हाने कुजतात. शिवण नखाने ओढून तुटत असेल तर शीड किमतीत धरू नये.

== यंत्र, गॅस व समुद्रझडपा ==

डिझेल यंत्र थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर पुन्हा यावे. काळा धूर इंधनाचे अपुरे ज्वलन किंवा पंख्यावरील अतिभार सुचवतो, निळा धूर जळणारे तेल आणि सतत पांढरा धूर न जळलेले इंधन किंवा आत येणारे पाणी. ज्या नौकांत यंत्राचा दांडा तळातून सरळ खाली उतरतो तेथे कवचातील मोठे छिद्र एका रबरी पडद्याने बंद केलेले असते. व्होल्वो पेंटाने हा पडदा सात वर्षांनी बदलण्याची शिफारस केली होती. तो बदलल्याची पावती नसल्यास बदललेला नाही असेच धरतात.

कवचातील प्रत्येक झडप उघडून-मिटून पाहावी. साध्या पितळातील जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जाते व धातू गुलाबी, ठिसूळ होतो. अशी झडप तपासताना हातात तुटण्याचा अनुभव सर्वेक्षकांना नवीन नाही.

स्वयंपाकाच्या शेगडीची तपासणी अनेकदा शेवटी, घाईत उरकली जाते. कुटुंबाच्या दृष्टीने ती पहिल्या क्रमांकाची आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून जाऊ शकतो, परंतु नौकेत गळालेला गॅस तळात साचतो व त्याला वाट नसते. म्हणून टाकी बाहेर निचरा होणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात असली पाहिजे. जुन्या स्वीडिश नौकांत रॉकेलच्या दाबाच्या शेगड्या सापडतात. मराठी स्वयंपाकघरांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला ‘प्रायमस’ हाही १८९२ मध्ये स्वीडनमध्येच जन्मला.

== कागदपत्रे व व्यवहार ==

ब्रिटनमध्ये व उत्तर युरोपात बोली मान्य झाल्यावर सामान्यतः दहा टक्के रक्कम अनामत देतात आणि करार ‘सर्वेक्षणाच्या अधीन’ असतो. गंभीर दोष निघाल्यास खरेदीदार किंमत कमी करून घेऊ शकतो किंवा अनामत परत घेऊन माघार घेऊ शकतो. सर्वेक्षक खरेदीदाराने नेमावा. विक्रेत्याने दाखवलेला जुना अहवाल केवळ माहितीसाठी वाचावा. मालकीची साखळी, नौकेवर कर्ज नसल्याचा पुरावा आणि युरोपीय संघात मूल्यवर्धित कर भरल्याची पावती ही कागदपत्रे आवश्यक असतात. १६ जून १९९८ नंतर युरोपीय बाजारात आलेल्या नौकेला सीई चिन्ह बंधनकारक आहे. भारतात आणायची असल्यास सीमाशुल्क आणि नोंदणी यांची चौकशी बोलीपूर्वी करावी लागते, कारण शुल्क आकारणीसाठी ठरणारे मूल्य खरेदीच्या किमतीइतकेच असेल असे नाही.

== समुद्रचाचणी ==

जमिनीवरील तपासणीनंतर नौका किमान दोन-तीन तास वाऱ्यात चालवून पाहतात. पूर्ण गतीवर यंत्र तापते का, कललेल्या स्थितीत वाऱ्याखालचे तणावे किती ढिले पडतात, केबिनची दारे अडकतात का, परतल्यावर तळात पाणी किती आहे, हे पाहावयाचे असते. ज्यांना नौकेवर राहायचे आहे त्या सर्वांनी या फेरीस जावे. सर्वेक्षकाला उत्तम वाटलेली नौका मुलांना चढता-उतरता येत नसेल, तर ती त्या कुटुंबासाठी उत्तम नव्हे.

== पश्चिम किनाऱ्यावर व जलाशयांत ==

मुंबईत शिडाच्या बहुतेक नौका गेटवे ऑफ इंडियासमोरच्या पाण्यात बोयांना बांधलेल्या असतात. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबसह येथील क्लबांचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. कोकणात मच्छीमार पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात. शिडाच्या नौकाही मे महिन्याच्या अखेरीस बाहेर काढल्या जातात. तपासणीसाठी हाच काळ सोयीचा, कारण नौका उचलण्याचा वेगळा खर्च टळतो. पाऊस लागल्यावर त्याच नौकेला दुसरी भेट दिल्यास डेकची गळती विनासायास दिसते. मार्च महिन्यातील कोरड्या केबिनवरून काहीच सिद्ध होत नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांच्या आसपास जातो, त्यामुळे लांब कीलची नौका धक्क्याला टेकवून ओहोटीत तिचा तळ पाहणे शक्य असते. बोल्टांनी जोडलेल्या अरुंद कीलच्या नौकेवर मात्र हा प्रयोग करू नये.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण भंडारदऱ्याचे धरण, त्याचा आर्थर जलाशय आणि राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर असे मोठे जलाशय आहेत. अशा गोड्या पाण्यात राहिलेली फायबरची नौका किनाऱ्यावरील खरेदीदाराला ‘खारे पाणी न लागलेली’ म्हणून सांगितली जाऊ शकते. तिचे धातूचे भाग खरोखरच चांगले असू शकतात. तळाचे मात्र उलट असते. गोड्या, उबदार पाण्यात वर्षानुवर्षे तरंगलेल्या कवचाला परासरणाचा धोका अधिक, आणि जलाशयाच्या काठी यारी नसल्याने ते बाहेर काढून पाहिलेलेही नसते. अशा नौकेचा सौदा ती गाडीवर चढवून किनाऱ्यापर्यंत आणल्यावर नव्हे, तर चढवताना तिचा तळ प्रथम हवेत येतो त्या वेळी, आर्द्रतामापक व हातोडी हाताशी ठेवून पक्का करतात.